मदत हवी आहे: लष्करी रुग्णालयात दादाच्या एचआयव्हीच्या गोळ्या सुरू व्हायला उशीर होतोय

नमस्कार. माझा मोठा भाऊ लष्करात आहे. नागीण उठली म्हणून लष्करी रुग्णालयात भरती झाला आणि तिथेच एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला. आज १२ दिवस झाले. सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पेशींची संख्या) १४० आहे, थोडा खोकला आहे. क्षयासाठी केलेल्या थुंकीच्या तपासणीचा रिपोर्ट आल्याशिवाय एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) सुरू करणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. शेजारच्या खाटेवरचे एक जुने पेशंट दादाला म्हणाले, "मला तर सीडी४ २०० च्या खाली गेल्यावरच दिल्या होत्या. गोळ्या एकदा धरल्या की सुटत नाहीत, जितक्या उशिरा तितकं बरं." तेव्हापासून दादाही 'थांबू या' म्हणतोय. हे थांबणं योग्य आहे का? वहिनीला अजून काहीच सांगितलेलं नाही. शिवाय तीन महिन्यांनी त्याची बदली दूरच्या ठाण्यावर आहे. तिथे गोळ्या मिळाल्या नाहीत तर?

प्रतिसाद १
मी एचआयव्हीचे रुग्ण पाहणारा डॉक्टर आहे. शेजारच्या काकांचं त्यांच्या काळापुरतं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आधी २०० होती, २०१० मध्ये ३५० झाली, २०१३ मध्ये ५००. २०१५ मध्ये मर्यादाच काढून टाकली. त्याच वर्षी साडेचार हजारांहून जास्त रुग्णांच्या 'स्टार्ट' चाचणीत दिसलं, की सीडी४ चांगला असतानाच औषध घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले. दादाचा तर १४० आहे. त्याच्यासाठी उशीर हाच धोका.

२०१७ पासूनची शिफारस निदानानंतर ७ दिवसांत औषध सुरू करण्याची आहे, रुग्ण तयार असेल तर त्याच दिवशी. क्षयाची शंका असली तरी तपासणी चालू ठेवून एआरटी देता येते. क्षय निघालाच तर आधी त्याची औषधं आणि मग दोन आठवड्यांच्या आत एआरटी. थांबायलाच हवं ते मेंदूच्या आवरणाला सूज (मेनिंजायटिस) असेल तर. क्रिप्टोकॉकस बुरशीची असेल तर ४ ते ६ आठवडे थांबतात, कारण जागी झालेली प्रतिकारशक्ती बंद कवटीत आणखी सूज आणते आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून आधी सांगा: डोकं दुखतं का? मान आखडते का? उलट्या, दोन-दोन दिसणं?

डॉक्टरांना भांडायच्या सुरात नको, सरळ विचारा: "मेनिंजायटिसची शंका आहे का? नसेल तर रिपोर्टची वाट का पाहायची?" क्रिप्टोकॉकसची रक्ततपासणी, हिपॅटायटिस बी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) झालंय का, तेही विचारा. डोल्युटेग्राविर हे औषध असलेली एचआयव्हीची गोळी देणार असतील आणि क्षयासाठी रिफाम्पिसिनही चालू झालं, तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं. हे बदलीच्या ठिकाणच्या डॉक्टरच्या नजरेतून सुटता कामा नये.

प्रतिसाद २
मी लष्करी रुग्णालयात बरीच वर्षं नर्स होते. औषधं सुरू करण्यात आम्ही सहसा कमी पडत नव्हतो. माणूस वॉर्डमधून निघाला की धागा तुटायचा. बदली, कोर्स, रजा, आणि गोळ्या ट्रंकेत लपवलेल्या, कारण बराकीत डबी दिसली तर काय, ही भीती. म्हणून डिस्चार्जच्या आधीच तीन गोष्टी लेखी घ्या: औषधांची नावं, पुढचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी) कधी, आणि नव्या ठाण्याजवळ गोळ्या कुठे मिळतील. निघताना निदान तीन महिन्यांचा साठा मागा. निदान कोणाकोणाला कळवलं जाणार, हेही दादाने स्वतः विचारावं. तो त्याचा हक्काचा प्रश्न आहे.

वहिनींना दादानेच सांगावं, समुपदेशकाला सोबत बसवून. त्यांचीही तपासणी लगेच व्हायला हवी. व्हायरल लोड दबून तसाच टिकला की संबंधातून विषाणू जात नाही, हे त्याच बैठकीत दोघांना कळू दे. तोवर कंडोम.

धागाकर्ता
मनापासून आभार. डोकेदुखी, उलट्या काही नाही. आज सकाळी डॉक्टरांना तेच वाक्य विचारलं. त्यांनी क्रिप्टोकॉकसची तपासणी लावली, संध्याकाळी निगेटिव्ह आली. थुंकीचा रिपोर्ट यायचाच आहे, पण आज रात्री नऊला दादाने पहिली गोळी घेतली. वहिनी रविवारी येतेय, समुपदेशकांची वेळ घेतली आहे.

एक विचारायचं राहिलं: दादा रोज कॅल्शियमची गोळी घेतो, ती चालेल ना?

प्रतिसाद १
डोल्युटेग्राविर असेल तर रिकाम्या पोटी दोन्ही एकत्र नकोत. जेवणासोबत दोन्ही चालतील, नाहीतर डोल्युटेग्राविर कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. लोहाच्या गोळीलाही हेच.