बेसिस्टने १२ वर्षांनी बँड सोडला, नव्या मुलाला कसं सामावून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा, रॉक बँडमध्ये ड्रम्स वाजवतो. आम्ही चौघं कॉलेजपासून एकत्र, यंदा १२ वर्षं झाली. गेल्या महिन्यात बेसिस्टने, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्याने, बँड सोडला. भांडणबिंडण काही नाही. त्याची काटोलला संत्र्याची बाग आहे आणि वडिलांना आता झेपत नाही. आमचे बहुतेक कार्यक्रम नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन अंबिया बहाराच्या तोडीत. साठेक किलोमीटर रात्री-बेरात्री बाइकने ये-जा करून त्याने दोन हंगाम काढले. शेवटी धरमपेठेत चहा पिता पिता म्हणाला, "भाऊ, आता होऊन नाही राहिलं." थांब म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

तो नसताना पहिल्यांदा प्रॅक्टिसला बसलो आणि माझी लय दोनदा पळाली. माझी किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि त्याची जाड तार एकाच क्षणी पडायची, इतक्या वर्षांत एकमेकांकडे बघावंही लागलं नाही. गिटारवाल्याने ऑक्टेव्ह पेडल, म्हणजे गिटारचा सूर खालच्या सप्तकात नेणारं यंत्र, लावून पाहिलं. एकेका सुराच्या रिफला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्याला) चालतं, कॉर्ड धरली, म्हणजे अनेक सूर एकत्र छेडले, की नुसता गोंधळ. कीबोर्डवाला म्हणतो, डोअर्स बँडचा कीबोर्डवाला रे मॅन्झारेक स्टेजवर डाव्या हाताने बेस वाजवायचा, तसं करू. पण त्यांची गाणी त्याच पद्धतीने बसलेली होती, आमची नाहीत.

आता एक २१ वर्षांचा मुलगा येतोय. मूळचा गिटारचा, बेस हातात घेऊन आठच महिने झालेत. हात गोड आहे, पण रिकामी जागा दिसली की सूर भरतो. बाकी दोघांचं मत, त्याला पाहुणा म्हणूनच ठेवू. रोलिंग स्टोन्समधून बिल वायमन १९९३ मध्ये बाहेर पडल्यापासून डॅरिल जोन्स बेस वाजवतोय, त्याला कुठे सदस्य केलंय, असा त्यांचा मुद्दा.

मला मात्र मेटॅलिका आठवते. १९८६ मध्ये क्लिफ बर्टन बस अपघातात गेला आणि त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८ च्या अल्बममध्ये त्याचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. चौदा वर्षं वाजवूनही त्याचं नवखेपण पुरतं संपलं नाही, असं मला वाटतं. २००१ मध्ये तो निघून गेला. शारीरिक दुखणं होतंच, शिवाय बाजूला स्वतःचं संगीत करायला बँडमधून विरोध होता.

आणि परवा मीच या मुलाला दोनदा बोललो, "तो असा वाजवायचा." पोराचा चेहरा उतरला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

आमच्या ३० गाण्यांपैकी एकाचीही बेसलाइन लिहिलेली नाही, सगळं जुन्याच्या बोटांत. त्या जशाच्या तशा शिकवाव्यात, की फक्त किकशी जुळणारे सूर पक्के करून बाकी मुलावर सोडावं? मानधनाचा वाटा पहिल्या दिवसापासून सारखा ठेवावा का? मी ठेवावा म्हणतो, पण दोघांना पटवायचं कसं? तुमच्यापैकी कुणी जुन्या बँडमध्ये नवा म्हणून गेला असाल, तर तुम्हाला काय खुपलं तेही लिहा.

येत्या रविवारी फोनवर बेसलाइन्स रेकॉर्ड करून आणायला काटोलला जातोय. मुलालाही सोबत न्यावं का, हे अजून ठरत नाही. शनिवारपर्यंत कुणी सांगितलं तर फार मदत होईल.