फ्रान्सिस वेलँड नक्की कोण? (जपानी क्लायंटमुळे पडलेला प्रश्न)

ऐरोलीकर२३
मंडळी, जरा वेगळा प्रश्न आहे, हसू नका. आमचा क्लायंट टोकियोचा, त्यातला एक मॅनेजर केइओ युनिव्हर्सिटीत शिकलेला. मी १५ मेला कॉल लावायला गेलो तर म्हणाला आज नको, आमच्या कॉलेजात आज वेलँड लेक्चरचा दिवस असतो, दरवर्षी करतात, मला जायचंय. कोण वेलँड विचारलं तर म्हणे अमेरिकन पाद्री, ब्राऊन युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट, वारला १८६५ मध्ये. आता ब्राऊन जिथे आहे त्या अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्समधल्या पाद्र्याचं टोकियोत काय काम? ट्रान्सहार्बर लोकलला दारात लटकून सर्च केलं तर सगळीकडे त्याच चार ओळी. घणसोली येईपर्यंत संपल्या. कुणी नीट वाचलंय का?

नौपाड्याचे_मास्तर
चहा घेऊन बसा, लांबणार आहे. मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवलं, त्यामुळे ही गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची.

१८६८ साली एदोत, म्हणजे आत्ताच्या टोकियोत, शोगुनच्या (तिथला लष्करी राज्यकर्ता) बाजूचे सामुराई उएनोच्या टेकडीवर ठाण मांडून बसले होते आणि सम्राटाच्या फौजेने त्यांच्यावर तोफा डागल्या. दुकानं बंद, सगळं शहर घाबरलेलं. फुकुझावा युकिची (२०२४ ला नवीन नोट येईपर्यंत दहा हजार येनवर ज्याचं चित्र होतं तोच) याची शाळा, हीच पुढे केइओ युनिव्हर्सिटी झाली, तिथून दोन-अडीच कोसांवर. पोरं गळत गळत अठराच उरलेली. लांबून तोफांचे आवाज येतायत, पोरं शिडी लावून छपरावर चढून धूर बघतायत, आणि या माणसाने तास सोडला नाही. शिकवत काय होता, तर वेलँडचं अर्थशास्त्राचं पाठ्यपुस्तक, १८३७ चं, इंग्रजीतलं. तो दिवस जुन्या पंचांगाप्रमाणे पाचव्या महिन्याची १५ तारीख, म्हणून आता १५ मे. आमच्याकडे जोराचा पाऊस लागला तरी निम्मा वर्ग गायब व्हायचा, असो.

आता माणसाबद्दल. जन्म १७९६, न्यूयॉर्क, वडील बाप्टिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) धर्मोपदेशक. सतराव्या वर्षी युनियन कॉलेजातून पदवी, मग डॉक्टरकी शिकला, ती सोडून अँडोव्हरला धर्मशास्त्र, तिथे वर्षभरात पैसे संपले म्हणून परत कॉलेजात ट्यूटर. १८२१ ला बॉस्टनच्या चर्चमध्ये पाद्री झाला, १८२७ मध्ये तिशीतच ब्राऊनचा प्रेसिडेंट, तो थेट १८५५ पर्यंत. खरी गंमत १८५० च्या अहवालात आहे. त्यात तो सरळ म्हणतो की देशात १२० कॉलेजं, ४२ धर्मशास्त्राची विद्यालयं, ४७ लॉ स्कूल, पण शेतकरी, कारखानदार, कारागीर, व्यापारी यांना त्यांच्या धंद्याचं शिक्षण देईल अशी एकही संस्था नाही. मुलांना आपापले विषय निवडू द्या म्हणाला. ट्रस्टी आधी ऐकत नव्हते म्हणून १८४९ ला राजीनामाच पुढे केला होता, मग ऐकलं, सव्वा लाख डॉलर वर्गणीपण जमली. पण तो गेल्यावर पुढच्या प्रेसिडेंटने बरंचसं गुंडाळून ठेवलं. स्वतःच्या कॉलेजात योजना टिकली नाही आणि पुस्तक मात्र जपानात देव्हाऱ्यात, नशीब एकेकाचं.

वाशीची_आई
मास्तर, छान लिहिलंत, पण एक गोष्ट गाळलीत. १८३१ मध्ये याच गृहस्थांनी एका बाप्टिस्ट मासिकात नाव न देता पत्र छापलं होतं. स्वतःचा पंधरा महिन्यांचा मुलगा रडत होता, बापाच्या हातून पावाचा तुकडा घेईना, तर त्याला खोलीत एकटं ठेवलं, आणि बापाच्या हातून मुकाट घेईपर्यंत खायला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोराने हार मानली. हे लपवलेलं नाही हं, इतर आईबापांनी शिकावं म्हणून अभिमानाने लिहिलंय!! माझा धाकटा सोळा महिन्यांचा आहे, वरणभाताचा घास थुंकून टाकतो आणि वर हसतो. मी ते वाचून फोन उलटा ठेवला. जपानी लोकांना सांगा म्हणावं हे.

नौपाड्याचे_मास्तर
बरोबर आहे ताई, गाळायला नको होतं. त्याच मुलाने, हेमन नाव, मोठेपणी भावाबरोबर वडिलांचं चरित्र लिहिलं, १८६७ मध्ये. तो स्वतःही पाद्रीच झाला. आणि हाच बाप गुलामगिरी म्हणजे माणसाच्या हक्कांची पायमल्ली असं पाठ्यपुस्तकात लिहीत होता, साउथ कॅरोलिनाच्या रिचर्ड फुलर या पाद्र्याशी त्याने त्यावर पत्रातून वाद घातला, १८४५ ला त्याचं पुस्तक निघालं. मोठ्या माणसांचा हक्क कळला, घरातल्या पोराचा नाही. मला तरी याचा मेळ घालता येत नाही.

जुनं_ठाणं
तुम्ही सगळे टोकियोला पोचलात, ठाणं राहिलंच की! वेलँड गाजला तो १८२३ च्या मिशनरी कामावरच्या प्रवचनाने. बॉस्टनमध्ये संध्याकाळी पाऊस, चर्चमध्ये एवढी थंडी की ओव्हरकोट घालूनच बोलला, माणसं मोजकी. पार फसलं म्हणून दुसऱ्या दिवशी सोफ्यावर पडून होता, पण ते छापलं गेलं आणि नाव झालं. आता त्या वेळी अमेरिकन मिशनरी होते कुठे? बाप्टिस्टांचे ब्रह्मदेशात, आणि दुसऱ्या पंथाचे इथे, मुंबईत १८१३ पासून. त्यातला जॉन निकोल्स १८१८ पासून ठाण्यातच राहायचा, शाळा चालवायचा. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेला. वेलँड स्वतः इकडे कधी आला नाही, पण बॉस्टनच्या त्या थंडीत तो बोलत होता ते असल्याच लोकांबद्दल.

आणि लायब्ररीचं कुणीच बोललं नाही! मॅसॅच्युसेट्सच्या एका गावाने त्याचं नाव घेतलं, तर हा म्हणाला गावकऱ्यांनी ५०० डॉलर जमवले तर ५०० मी देतो. गावाने जमवले, लायब्ररी झाली. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, म्हणजे त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. मी अजून मेंबर आहे.

ऐरोलीकर२३
बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना थँक्स. मॅनेजरला कालच्या कॉलवर अठरा पोरं आणि शिडीचं सांगितलं तर दोन मिनिटं प्रोजेक्ट विसरून बोलत बसला. पावाच्या तुकड्याचं अजून सांगितलेलं नाही, सोमवारी रिलीज आहे, त्यानंतर बघतो.