उडणाऱ्या नायिकेला अंतराळातलं कुठलं काम द्यावं? गणित जाणणाऱ्यांनी सांगा

धूमकेतू८६: दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितोय. नायिका उडते, अवकाशात तिला हवा लागत नाही, एका खेपेत दहा लाख टन उचलते. पण रोज एकच खेप, आणि ही ताकद ३० वर्षंच टिकणार. मारामारी अजिबात नकोय, मला तिला काम करताना दाखवायचंय. मंगळ राहण्याजोगा करायचा असं डोक्यात आहे, तिकडे हवा नेऊन ओतायची, जमेल का ३० वर्षांत?

गणितवाली: नाही जमणार. मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे, तो पृथ्वीइतका करायचा तर साधारण ४ वर १५ शून्यं इतके टन वायू लागतील. म्हणजे तिच्या ४०० कोटी खेपा, रोज एक धरली तर एक कोटी वर्षांच्या वर. तुमच्या ३० वर्षांत जेमतेम अकरा हजार खेपा होतात हो. तिथलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर काढू म्हणाल तर २०१८ मध्ये त्यावर अभ्यास झालाय, हाताशी येण्यासारखा साठाच पुरेसा नाही असं निघालं.

कक्षाप्रेमी: मग माल वर न्यायला लावा ना तिला! आपलं एलव्हीएम-३ रॉकेट उड्डाणाच्या वेळी ६४० टनांचं असतं आणि पृथ्वीजवळच्या कक्षेत नेतं फक्त ८ टन, बाकी बहुतेक सगळं इंधनच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ४२० टनांच्या आसपास, ते १९९८ पासून तुकड्या तुकड्यांनी जोडत २०११ पर्यंत उभं केलं, ही एका दमात नेईल. फक्त दोन गोष्टी सांभाळा. नुसतं ४०० किमी वर नेऊन सोडलं तर ते सरळ खाली येणार, आडवा वेग सेकंदाला साडेसात किमीच्या वर द्यावाच लागतो. आणि एवढं वजन दोन तळव्यांवर पेललं तर हात पत्र्यातून आरपार जातील, त्यामुळे खालून भार वाटून घेणारा सांगाडा आधी बनवायला हवा, तो बनवणारे इंजिनिअर पण कथेत येऊ देत.

रात्रपाळी: मला वेगळं वाटतं. जे काम ती गेल्यावर बंद पडेल ते तिला देऊच नका, स्थानकाला तर सारखं वर ढकलत राहावं लागतं. तिला अंतराळातला कचरा काढायला लावा. २००९ मध्ये इरिडियम ३३ आणि कॉसमॉस २२५१ हे उपग्रह एकमेकांवर आदळले, दोन हजारांवर मोठे तुकडे झाले. युरोपचा एन्व्हिसॅट उपग्रह २०१२ पासून बंद पडलाय, ८ टनांचं धूड, ७७० किमीच्या आसपास फिरतंय. सोव्हिएत झेनिट रॉकेटचे ९-९ टनांचे रिकामे टप्पे ८४० किमीच्या जवळपास आहेत. तिथे हवा इतकी विरळ की ते आपोआप पडायला शंभराहून जास्त वर्षं जातील. हे अख्खे आहेत तोवरच उचलायचे, एकदा फुटले की एका खेपेच्या जागी हजारो. रोज एक, आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये निर्मनुष्य भागात सोडायचं. ती गेल्यावरही ती कक्षा मोकळीच राहील, नवं कुणी टाकलं नाही तर.

धूमकेतू८६: हे आवडलं, मंगळ सोडला! पण ते धूड गरगर फिरत असेल तर पकडायचं कसं?

रात्रपाळी: आधी त्याच्या बरोबरीने उडून वेग जुळवायचा, मग ज्या अक्षाभोवती फिरतंय तो शोधून स्वतः तसंच फिरत जवळ जायचं. पकड घेतल्यावर झटका द्यायचा नाही, हळूहळू थांबवायचं. टाकीत उरलेलं इंधन असलं तर जास्तच जपून, जुने टप्पे त्यामुळे आपणहूनही फुटलेत.

गणितवाली: आणि पहिल्या वर्षी ती फक्त मोठे टप्पे उचलतेय असं दाखवा, बारीक तुकड्यांच्या मागे लागली तर अकरा हजार खेपा कधीच संपतील.