रेडटेल कॅटफिश घरी आणावा का? निर्णयासाठी सल्ला हवा आहे

लोकमान्यनगरकर (इंदूर) :

नमस्कार. माझ्या मावसभावाची बदली पुण्याला झाली असून त्याच्याकडचा रेडटेल कॅटफिश मी सांभाळावा, अशी त्याची इच्छा आहे. दीड वर्षापूर्वी त्याने तो दुकानातून आणला तेव्हा तीन इंचांचा होता. परवा काचेला टेप लावून मोजला, तर १६ इंच भरला. टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे, म्हणजे त्यात जेमतेम २५० लिटर पाणी मावते. मासा वळतो तेव्हा त्याची लाल शेपटी प्रत्येक वेळी काचेला घासते आणि तिची वरची कड झिजून पांढरी पडलेली आहे.

गेले आठ दिवस मी रोज संध्याकाळी तिथे जात आहे. दिवा मालवला की तो तळावरून उठतो, काचेपाशी येतो, आणि बोटांतून कोळंबी घेताना त्याच्या लांब मिशा माझ्या मनगटाला लागतात. मला त्याचा लळा लागला आहे, हे मोकळेपणाने सांगतो. घर आमचे स्वतःचे आहे, पहिल्या मजल्यावर मोठा हॉल आहे आणि मागे अंगणही आहे. पत्नीचा विरोध नाही, मात्र हा मासा किती मोठा होणार आणि तेवढा झाल्यावर आपण काय करणार, असे तिने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

जलसंगत (बडोदा) :

आपल्या पत्नींनी नेमका प्रश्न विचारला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. हा मासा ॲमेझॉन, ओरिनोको आणि एसेक्विबो या नद्यांच्या खोऱ्यांतला आहे. तिथे तो चार फुटांपेक्षा लांब होतो आणि ४० किलोंहून जास्त वजनाचे मासे पकडले गेले आहेत. घरच्या पाण्यात तो तीन फुटांच्या आसपास जातो आणि १५ वर्षे किंवा त्याहून अधिक जगू शकतो. आपल्याकडचा मासा दीड वर्षात १६ इंच झाला, याचा अर्थ तो लहान जातीचा आहे असा नव्हे. मोठ्या पाण्यात आणि पुरेशा खाण्यावर तो याच वयात बराच मोठा दिसला असता. टँकच्या मापाने मासा वाढतो, असे दुकानदार सांगतात, परंतु प्रत्यक्षात कोंडलेल्या माशाचा कणा वाकतो आणि आयुष्य घटते.

माझ्याकडे सहा वर्षे रेडटेल होता. त्याच्यासाठी तळमजल्यावर १२ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट खोल असा हौद बांधला, त्यात सुमारे ६,१०० लिटर पाणी होते, आणि शेवटच्या वर्षी तोही मला अपुरा वाटू लागला. तोंडात मावेल ते सारे तो गिळतो. एकदा त्याने तळाचे अंड्याएवढे दोन गोटे गिळले. तिसऱ्या दिवशी त्याने ते स्वतःच बाहेर टाकले, पण तोपर्यंत मला झोप लागली नाही. त्या दिवसापासून हौदाचा तळ मोकळा ठेवला आणि हीटरला जाळीचे आवरण घातले. सोबतीला कोणताही लहान मासा ठेवता येत नाही.

खाण्याबद्दल एक विनंती आहे. भाऊ त्याला जिवंत गोल्डफिश घालत असतील तर ते ताबडतोब बंद करावे, कारण गोल्डफिशमध्ये ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते आणि त्यांच्यासोबत परजीवीही येतात.

स्थापत्य अभियंता (इंदूर) :

पहिल्या मजल्यावरच्या हॉलचा विचार सोडून द्यावा. राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे प्रत्येक चौरस मीटरला २०० किलो वापरभार (माणसे आणि सामान यांचे वजन) धरून आखतात. भारतीय मानक ८७५ मध्ये हाच आकडा आहे. तीन फूट खोल पाणी तेवढ्याच जागेवर ९०० किलोंहून अधिक भार टाकते, आणि हौदाच्या भिंतींचे वजन त्यात धरलेले नाही. लहान टँक भिंतीलगत चालून जातो, परंतु सहा टन पाणी कदापि नाही.

लोकमान्यनगरकर (इंदूर) :

मनापासून आभार. मग अंगणात सिमेंटचा हौद बांधला तर?

जलसंगत (बडोदा) :

भार पेलेल, परंतु इंदूरची थंडी आड येईल. जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरतो आणि या माशाला पाणी वीस अंशांच्या वर लागते. ६,००० लिटर पाणी केवळ एक अंशाने तापवायला सुमारे सात युनिट वीज लागते, आणि उघड्या हौदातली ऊब रात्रभर निघून जात राहते.

याहून मोठी अडचण पाण्याची आहे. एवढा मांसाहारी मासा जे खातो त्याचा अमोनिया होतो; फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात, पण साठलेले नायट्रेट पाणी बदलूनच काढावे लागते. आठवड्याला तिसरा हिस्सा बदलायचा म्हटले तरी २,००० लिटर होतात. जलूदहून वर चढवलेले नर्मदेचे पाणी आपल्या शहरात एक दिवसाआड येते, त्यात क्लोरीन असते आणि ते काढल्याशिवाय हौदात सोडता येत नाही. वीज काही तास गेली, तर प्राणवायूवाचून जिवाणू मरतात आणि मासाही धोक्यात येतो. हे सारे १५ वर्षे करायचे आहे. आपण आजारी असाल किंवा परगावी गेलात तरीही.

सिरपूरचा पक्षीनिरीक्षक (इंदूर) :

कोणीतरी तलावात सोडून द्या म्हणेल, म्हणून आधीच लिहितो. आपले सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२ मध्ये रामसर स्थळे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, म्हणून घोषित झाले आहेत. यशवंत सागर गंभीर नदीवर आहे आणि गंभीर पुढे क्षिप्रेला मिळते. थाई मागूर नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकन मागुरावर सन २००० मध्ये बंदी घालूनही तो आपल्या पाण्यातून गेलेला नाही. सोडलेला मासा थंडीत तडफडून मरेल किंवा जगला तर इथले मासे खाईल. दोन्ही बाजूंनी ते क्रौर्यच आहे.

लोकमान्यनगरकर (इंदूर) :

काल रात्री पत्नीसह टेप घेऊन अंगण मोजले. बारा फुटांचा हौद बसतो, पण मग दारातून अंगणात उतरायला जागा उरत नाही. मी मासा घेणार नाही, असे भावाला आज कळवले. त्याला वाईट वाटले, मलाही वाटले. त्याच्या घराचे भाडे दोन महिन्यांचे भरलेले आहे, तोवर टँक तिथेच राहील आणि पाणी बदलणे व खाणे मी पाहीन. ज्यांच्याकडे घरातच मोठा हौद आधीपासून बांधलेला आहे अशा व्यक्तीचा शोध घेण्यास आपण मदत कराल का? आणि १६ इंचांचा मासा इजा न होता हलवायचा कसा?

जलसंगत (बडोदा) :

दोन ओळखीच्यांना आजच विचारतो. न्यायच्या आधी दोन दिवस खाणे बंद ठेवावे, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही. जाळे मुळीच वापरू नये. कल्ल्यामागच्या परांचा काटा त्यात अडकतो आणि सोडवताना मोडतो. जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी पाण्याखाली धरून त्याला हळूहळू आत वळवावे, झाकणाच्या शीतपेटीत ठेवावे, बॅटरीवरचा हवापंप लावावा आणि रात्रीच निघावे. शेपटीची झिजलेली कड आधी बरी होऊ द्या. त्यासाठी आठवड्यातून दोनदा पाणी बदला.