सी-१०३ मध्ये पाळणाघर: सोसायटीच्या ग्रुपवर शनिवारी झालेली चर्चा

सी-१०३
नमस्कार मंडळी. बऱ्याच जणांनी जिन्यात, लिफ्टमध्ये विचारलं, म्हणून सगळ्यांना इथेच सांगते. जूनपासून घरी पाळणाघर सुरू करायचं ठरवतेय. बालवाडीत शिकवत होते तेव्हापासून मनात होतं. आता सासूबाई कायमच्या डोंबिवलीला आल्यात, त्यामुळे घरात हक्काचं माणूस आहे. सहा महिने ते चार वर्षांची मुलं, सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात, रविवार बंद. मुलं आपल्या आणि शेजारच्या सोसायटीतलीच घेणार. कुणाची हरकत असेल तर इथे मोकळेपणाने लिहा.

ए-६०४
ताई, पहिलं नाव माझ्या बाळाचं लिहा. जूनच्या मध्याला माझी रजा संपतेय आणि अजून काहीच सोय झालेली नाही.

सी-२०३
ताई, राग मानू नका, पण मी बरोबर तुमच्या वर राहतो. आठवड्यातले बरेच दिवस मला रात्रपाळी असते. तुमचं पाळणाघर उघडायची आणि मी अंथरुणाला पाठ टेकायची वेळ एकच. खाली कुणी मोठ्याने बोललं तरी बाथरूमच्या डक्टमधून वर ऐकू येतं. चार-पाच मुलं एकदम रडायला लागली तर मी झोपायचं कसं?

डी-४०१
माझे दोन प्रश्न. सकाळी आठला लिफ्टला आधीच रांग असते, त्यात बाहेरच्या पालकांची भर. आणि फ्लॅटमध्ये व्यवसाय होणार असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावायला नको का? वीज मीटरही कमर्शियल होईल ना?

सचिव
एकेक सांगतो. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज फ्लॅट भाड्याने दिला तरच लागतो, आणि तोही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ताई स्वतः तिथे राहतात, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. विजेचं म्हणाल तर राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच चालतो. आता सोसायटीपुरतं. घराचा वापर बदलतोय म्हणून लेखी अर्ज आणि कमिटीची परवानगी हवी. ताई, अर्जात मुलांची जास्तीत जास्त संख्या, वेळ आणि घरात कोण कोण असणार हे स्पष्ट लिहा. आणि सी-१०३ पहिल्या मजल्यावर आहे, पालकांना लिफ्टची गरज नाही. रिक्षा गेटच्या आत येणार नाहीत हे मी वॉचमनला सांगून ठेवतो.

बी-३०२
पण कंपन्यांनी पाळणाघर ठेवायचं असा कायदा आहे ना? मग घराघरात कशाला?

ए-६०४
दादा, कायदा आहे. २०१७ साली बदल झाला तेव्हा बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करायची असंही ठरलं. दिवसातून चार वेळा आईला बाळाकडे जाऊन येऊ द्यायचं, हेही त्यात आहे. आमच्या ऑफिसने खरंच चांगली सोय केलीय. पण ऑफिस आहे बीकेसीला, वांद्रे-कुर्ला संकुलात. सात महिन्यांचं बाळ, त्याची पिशवी, माझा डबा आणि लॅपटॉप घेऊन मी सकाळच्या फास्टमध्ये डोंबिवलीहून चढू कशी? लेडीज डब्यात मोकळ्या हातांनी चढताना दम निघतो. तिथल्या बायका जागा देतील, सांभाळून घेतील, पण बाळाला त्या गर्दीत रोज नेणं मला पटत नाही. कुर्ल्याला उतरून पुढे पुन्हा रिक्षा. संध्याकाळी हेच उलट. आपल्यासारख्या लोकलवर जगणाऱ्या गावात पाळणाघर आईच्या ऑफिसपाशी असून भागत नाही, ते घरापाशी हवं. आजी खाली उतरून बघून येऊ शकेल, बाबा लवकर आला तर पाच मिनिटांत घेऊन येईल, इतकं जवळ.

ए-१०२
अगदी मनातलं बोललीस बाळा. सगळ्यांना ठाऊक आहे, मी बरीच वर्षं मुलं सांभाळली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हाच थांबले. सी-१०३ च्या ताईला मनापासून चार गोष्टी सांगते. लांबेल, पण वाच.

पहिली गोष्ट संख्येची. सुरुवातीला फोन येत राहतात आणि नाही म्हणवत नाही. समोरची आई रडकुंडीला आलेली असते. तरी नाही म्हणायला शिक. माझ्या मते एका बाईला रांगायच्या आतली दोनच मुलं नीट सांभाळता येतात. चालणारी-बोलणारी असतील तर चार. तू आणि सासूबाई दोघी असलात तरी सहाच्या वर जाऊ नकोस, आणि त्यात तान्ही दोनच. सासूबाईंचं वयही धर हिशेबात. एक शी करून बसलंय, दुसरं घास अडकून खोकतंय आणि दाराची बेल वाजली, या घटकेला तुझ्याकडे किती हात आहेत, त्यावरून मुलं किती घ्यायची ते ठरव.

दुसरी गोष्ट दाराची. मुलं हरवतात ती सोडायच्या नाहीतर न्यायच्या वेळी. एक आई आत येते, चप्पल काढते, दार अर्धं उघडं असतं, आणि दुसरीचं पोर तिच्या पायांतून बाहेर. सेफ्टी डोअरची कडी वर लाव, मुलांचा हात पोचणार नाही अशी. आणि आत पॅसेजला छोटं लाकडी फाटक बसव. बाहेरचं दार उघडण्याआधी आतलं फाटक बंद, हा नियम घरातल्या प्रत्येकाला. मुलाला न्यायला कोण येणार त्यांचे फोटो आईबाबांकडून घेऊन ठेव. ओळखीचे असले तरी यादीत नसलेल्या माणसाच्या हातात मूल द्यायचं नाही. काका, मामा, कुणीही असो, आधी आईला फोन. एखाद्याला राग येतो, येऊ दे.

तिसरी पाण्याची. आपल्याकडे पाणी ठरलेल्या वेळी येतं, म्हणून बाथरूममध्ये पिंपं, बादल्या भरलेल्या असतात. वर्षा-दीड वर्षाचं पोर बादलीत वाकलं की डोक्याच्या वजनाने आत जातं आणि त्याला उठता येत नाही. वीतभर पाणीसुद्धा पुरतं. आवाजही होत नाही. मुलं घरात असेपर्यंत बाथरूमला बाहेरून कडी, पिंपाला घट्ट झाकण, बादल्या पालथ्या. गॅलरीत ग्रिल असली तरी कुंडी किंवा स्टूल जवळ ठेवू नकोस.

चौथी, पावसाची. २६ जुलै २००५ ज्यांनी डोंबिवलीत काढला त्यांना सांगायला नको. दुपारनंतर गाड्या बंद, फोन लागेनात. संध्याकाळी ज्यांचे आईबाप जवळपास होते ती मुलं गेली, बाकीची माझ्याकडेच राहिली. रात्री दिवे गेले. मी सगळ्यांना हॉलमध्ये एकाच सतरंजीवर आडवं केलं, मेणबत्ती वर कपाटावर ठेवली. दूध संपलं होतं, मोठ्यांना मऊ भात दिला, सगळ्यांत लहानाला भाताची पेज. एका बाळाची आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली, रुळांवरून चालत. गुडघ्यापर्यंत चिखल. ती दारातच बसली आणि बाळ अंगावर घेतलं. त्यानंतर मी प्रत्येक मुलाचे दोन जादा कपड्यांचे जोड, दुधाची पावडर, त्याचं नेहमीचं औषध आणि चालत येऊ शकेल अशा एका नातेवाइकाचा नाहीतर शेजाऱ्याचा नंबर घेतल्याशिवाय जून उजाडू दिला नाही. तुझं पाळणाघर जूनमध्येच सुरू होतंय, तेव्हा हे पहिल्या दिवसापासून हवं.

सी-१०३
काकू, फाटकाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुताराला उद्याच बोलावते. फीबद्दलही सांगा ना.

ए-१०२
आकडा तुझा तू ठरव, शेजारीपाजारी काय घेतात ते विचार. पण दोन गोष्टी आधीच कागदावर लिहून दे. मूल आठवडाभर गावी गेलं तरी महिन्याची फी पूर्ण, कारण जागा त्याच्यासाठी राखलेली असते. आणि साडेसातनंतर उशीर झाला तर वेगळे पैसे. लोकल रखडली असेल तर मी कधी घेतले नाहीत, पण रोज आठ वाजवणाऱ्यांकडून घेतले. तुझ्या घरचीही जेवायची वेळ असते गं.

बी-५०२
मी महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते, त्यामुळे तब्येतीचं मी बोलते.

लसीकरणाचं कार्ड बघितल्याशिवाय मूल घेऊ नका. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी झाल्यात का, नऊ महिन्यांनंतरची गोवर-रुबेला झाली का, हे कार्डावर दिसतं. कार्डाचा फोटो काढून ठेवा.

ताप, जुलाब, अंगावर पुरळ असलेलं मूल त्या दिवशी घरी. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाचा आजार पाळणाघरांत पसरतो. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड येतात, मूल खाईनासं होतं. बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरं होतं, पण एकाला झालं की सगळ्यांना होतं. डायपर बदलायची जागा स्वयंपाकघरापासून लांब ठेवा आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. सॅनिटायझर इथे पुरत नाही.

औषध आईने चिठ्ठीवर लिहून दिलं असेल तेच, तेवढंच. मूल शांत झोपावं म्हणून सर्दीचं औषध देणं हा गुन्हा समजा. बाळगुटीसुद्धा नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, आजी कितीही म्हणाली तरी. तान्ह्या बाळाला झोपवायचं ते पाठीवर, उशी-गोधडीचा ढीग न करता.

घशात अडकणाऱ्या वस्तू: शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं. आणि खेळण्यांतले, रिमोटमधले गोल चपटे सेल. तो सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते, घरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. बाळाच्या घशात काही अडकलं आणि आवाज बंद झाला तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापट्या, मग उलटं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. दिसत नसलेल्या गोष्टीसाठी तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. ताई, तुम्ही आणि सासूबाई दोघी माझ्याकडे या, बाहुलीवर करून दाखवते. नुसतं वाचून ऐन वेळी हात चालत नाही. १०८ आणि ११२ फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

डी-४०१
सिस्टर, हे सगळं खूप उपयोगी आहे. पण मनातली भीती बोलतो. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरातलं फुटेज सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, आया दहा महिन्यांच्या बाळाला मारत होती. ताईंवर पूर्ण विश्वास आहे, पण उद्या कुणी बाई मदतीला ठेवली तर? कॅमेरा असावा, आणि आईबाबांना मोबाइलवर दिसावा.

सी-१०३
कॅमेरा हॉलमध्ये लावणारच आहे. मदतनीस ठेवली तर पोलीस पडताळणी केल्याशिवाय नाही, आणि ती मुलांजवळ एकटी कधीच नसेल. फक्त लिंक सगळ्यांना देण्याबद्दल मला शंका आहे. एकाच्या मोबाइलवर बाकी सगळ्यांची मुलं दिसणार, कपडे बदलताना, शी धुताना.

ए-१०२
बरोबर आहे ताई. रेकॉर्डिंग ठेव, मागितलं तर तुझ्या घरी बसवून दाखव. कपडे बदलायची जागा कॅमेऱ्यात नको. आणि डी-४०१ च्या दादांना सांगते, कॅमेऱ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे न कळवता कधीही आत यायची मुभा. दुपारी बारा वाजता बेल वाजवली आणि आत घेतलं नाही, तर त्या पाळणाघरात मूल ठेवू नका, मग ते कुठलंही असो. नेलेलं मूल घाबरल्यासारखं वागत असेल, त्या घराचं नाव काढलं की अंग चोरत असेल, तर तेही कळतं. काही विपरीत वाटलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

बी-३०२
टीव्हीचं काय? आमच्या पुतण्याच्या पाळणाघरात दिवसभर कार्टून.

बी-५०२
दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय.

सी-१०३
मुलं असताना टीव्ही बंद. खेळायला भांडी, डबे, झाकणं, कणकेचा गोळा, चिंचोके नाहीत (सिस्टर, लक्षात आहे), आणि पाच वाजता खाली बागेत. खाणं घरचंच: सकाळी नाचणीची खीर, दुपारी मुगाची खिचडी किंवा वरणभात, चारला फळ.

सी-२०३ च्या दादांचं राहिलं. दादा, तुम्ही झोपता ती मागची बेडरूम ना? माझ्या मागच्या खोलीत आणि डक्टच्या बाजूला मी मुलांना दुपारी एकपर्यंत नेणारच नाही. हॉल आणि पुढची खोली वापरीन, खाली रबरी मॅट घालीन, चाकांची खेळणी खाली अंगणातच. बाथरूमची डक्टकडची खिडकी सकाळी बंद ठेवते. दुपारी एक ते तीन या वेळेत तर मुलंच झोपतात.

सी-२०३
ताई, तुम्ही एवढा विचार केलात, बरं वाटलं. महिनाभर बघू. त्रास झाला तर मी थेट तुमच्याकडे येईन, ग्रुपवर नाही टाकणार. माझ्या बहिणीने मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, कारण जवळ कुणीच सांभाळणारं नव्हतं. ते अजून तिच्या मनात आहे.

सचिव
मग अर्ज येऊ द्या. मर्यादा सहा मुलं, वेळ, दुपारी एकपर्यंत मागची खोली बंद, रिक्षा गेटबाहेर, आणि तीन महिन्यांनी पुन्हा आढावा. एवढ्यावर रविवारी कमिटीत मांडतो.

ए-६०४
सगळ्यांचे आभार. सिस्टर, एक विचारू? बाळ अजून फक्त अंगावर पितं. मी दिवसभर नसेन तर दूध काढून ठेवलेलं चालतं का? आणि बाटली घेतच नाही तो.

बी-५०२
चालतं की. बाटली नकोच, वाटी-चमच्याने पाजा. स्वच्छ स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढायचं, वर वेळ लिहायची. बाहेर चार तासांपर्यंत राहतं, आपल्या उकाड्यात त्याहून कमी धरा. फ्रिजमध्ये, दारात नाही, आतल्या बाजूला, २४ तास. गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवायची. उष्टं उरलेलं टाकून द्यायचं. सात महिन्यांचा आहे म्हणजे वरचं खाणंही सुरू असेल, त्याने सोपं जातं. पण सवय आत्तापासून लावा, आणि पाजायला तुम्ही नको. तुमचा वास आला की तो वाटीकडे बघणारच नाही. आजी किंवा बाबा पाजू दे, तुम्ही दुसऱ्या खोलीत.

सी-१०३
मग मीच पाजते ना. उद्या दहाला त्याला घेऊन खाली या, दूध काढून आणा. अकराला पाणी येतं, त्याआधी या. रोज अर्धा तास माझ्याकडे राहू दे, जूनपर्यंत ओळख होईल त्याची.

ए-६०४
येते. त्याची वाटी-चमचा घेऊन येते.