अनुभव धागा: शाळेत मांडलेले विधेयक

शाळेतील युवा संसदेचा विषय निघाला की भाषणांच्या, पोशाखांच्या आणि बक्षिसांच्या आठवणी भरपूर निघतात; ज्या विधेयकावर चर्चा झाली, ते विधेयक मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहिलेले नसते. हा धागा त्या विधेयकासाठी आहे. शाळांमध्ये अभिरूप संसद, म्हणजे संसदेच्या कामकाजाची नक्कल, भरवावी, अशी शिफारस १९६२ साली मुंबईत झालेल्या अखिल भारतीय प्रतोद (व्हिप) परिषदेने केली आणि १९६६ पासून दिल्लीच्या शाळांमध्ये स्पर्धा सुरू झाल्या. पुढे १९८८ मध्ये केंद्रीय विद्यालये आणि १९९७ च्या सुमारास नवोदय विद्यालये त्यात सामील झाली. आज राज्यात आणि राज्याबाहेर अनेक शाळा आपापल्या पद्धतीने हा उपक्रम घेतात. आपण विद्यार्थी, शिक्षक, पालक किंवा परीक्षक म्हणून त्यात भाग घेतला असेल, तर विधेयकात नेमके काय लिहिले होते, कोणत्या शब्दावर गाडी अडली आणि मतदान खरे होते की आधीच ठरलेले होते, हे तपशिलाने लिहावे. व्यक्तींची आणि शाळांची नावे कृपया देऊ नयेत.

माजी विद्यार्थी, नवोदय विद्यालय, मराठवाडा

२०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी मराठवाड्यात काढला, त्यांना त्याविषयी वेगळे सांगायला नको. आमच्या वसतिगृहात पाण्याचा टँकर येत असे आणि भेटीच्या रविवारी येणारे पालक डब्याबरोबर आपापल्या गावच्या पाण्याची हकिगतही आणत असत. त्या वर्षी युवा संसदेसाठी विषय ठरवताना दुसरे काही सुचणे शक्यच नव्हते. मी जलसंपत्ती मंत्री झालो आणि एका वर्गमित्राला सोबत घेऊन मसुदा लिहिला. त्यात तीनच गोष्टी होत्या: २०० फुटांपेक्षा खोल बोअर घेता येणार नाही, घेतल्यास शेतकऱ्याला दंड होईल आणि यंत्र जप्त केले जाईल, आणि हा कायदा तात्काळ लागू होईल. मला तो मसुदा अतिशय चोख वाटत होता.

पहिल्याच सरावात विरोधी बाकांवरच्या एका मुलाने हातातला कागद खाली ठेवला. त्याला दिलेले वाक्य सरकार शेतकरीविरोधी आहे, असे होते. ते न म्हणता तो म्हणाला, "अध्यक्ष महोदय, माझ्या वडिलांनी मागच्या उन्हाळ्यात साडेचारशे फुटांची बोअर घेतली. त्यासाठी आईची बोरमाळ मोडली, तेव्हा कुठे दोन बोटांएवढी धार लागली. हे विधेयक आज संमत झाले, तर ती बोअर उद्या बेकायदा ठरते की नाही, एवढेच मंत्री महोदयांनी सांगावे." माझ्याकडे उत्तर नव्हते. 'तात्काळ लागू' हे दोन शब्द मी केवळ भारदस्त वाटतात म्हणून लिहिले होते.

सरांनी सराव थांबवला आणि मसुदा पुन्हा लिहायला सांगितला. पुढच्या चार-पाच संध्याकाळी अभ्यासिकेत आमच्या भोवती मुलांची गर्दी जमू लागली. पूर्वलक्षी प्रभाव, म्हणजे कायदा आधी घडलेल्या गोष्टींनाही लागू होणे, हा शब्द आम्ही तेव्हा शिकलो आणि अधिनियम अमलात येण्यापूर्वी घेतलेल्या बोअरना तो लागू होणार नाही, असा नवा खंड घातला. त्यावर एका मुलीने दाखवून दिले की मग कायदा येण्याच्या आत गावोगाव बोअरच्या गाड्यांची रांग लागेल. म्हणून जुन्या बोअरची तलाठ्याकडे ९० दिवसांत नोंदणी करण्याची तरतूद आली. तेवढ्यात तलाठी खोली मोजणार कशी, हा प्रश्न आला आणि त्याचे उत्तर ज्याच्या मामाची बोअरची गाडी होती त्याने दिले. एक रॉड वीस फुटांचा असतो. किती रॉड उतरवले हे गाडीवाल्याला ठाऊक असते, तलाठ्याला ते कधीच कळणार नाही. त्यानंतर आम्ही यंत्रमालकाची नोंदणी आणि प्रत्येक बोअरच्या रॉडची नोंदवही सक्तीची केली आणि दंडाचा मुख्य भार शेतकऱ्यावरून काढून गाडीमालकावर टाकला.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने भूजलाविषयी २००९ चा अधिनियम केलेला आहे, तो २०१४ मध्ये अमलात आला आणि शेती व उद्योगांसाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींना त्यात मनाई आहे, हे मला महाविद्यालयात गेल्यावर समजले. ६० मीटर म्हणजे जवळपास आमचे २०० फूटच होते. यंत्रमालकांच्या नोंदणीची तरतूदही त्यात वाचली, तेव्हा त्या अभ्यासिकेची फार आठवण झाली.

स्पर्धेच्या दिवशी आमचे विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले. त्या मुलाने मात्र स्पष्टपणे "नाही" म्हटले. त्याच्या वडिलांची बोअर नव्या खंडामुळे वाचलेली होती, म्हणून मी त्याला नंतर कारण विचारले. तो म्हणाला, "आमची बोअर वाचली, पण शेजारच्या काकांची विहीर आमच्या बोअरमुळे आटली. त्यांच्यासाठी तुझ्या विधेयकात काय आहे?"

नागरिकशास्त्राच्या शिक्षिका, सातारा जिल्हा

वरील अनुभव वाचून फार बरे वाटले, कारण मसुदा पुन्हा लिहिण्याचा हा टप्पाच बहुतेक शाळांत गाळला जातो. मी नववीच्या वर्गाकडून दरवर्षी एक विधेयक लिहून घेते. पहिल्या मसुद्यात 'कडक कारवाई करण्यात येईल' हे वाक्य हमखास येते. मी त्याभोवती लाल गोल करते आणि तीन प्रश्न विचारते: कारवाई कोण करणार, कोणती करणार आणि ज्याच्यावर ती होईल त्याने दाद कोणाकडे मागायची? तुलनेसाठी २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेतील दंड फळ्यावर लिहिते. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिने कारावास, अशी ती चढण आहे. दंड पायरीपायरीने का वाढवतात, यावर मुले आपणहून बोलू लागतात.

गेल्या वर्षी शालेय परिसरात मोबाईल बंदीचे विधेयक होते. दोन तास केवळ व्याख्यांवर गेले आणि ते दोन तास मला संपूर्ण वर्षातले सर्वांत मोलाचे वाटतात. मोबाईल म्हणजे काय, मनगटी घड्याळातून फोन लागत असेल तर ते मोबाईल आहे का, परिसर कुंपणापर्यंतच की समोरच्या एसटी थांब्यापर्यंत, आणि विद्यार्थ्यांना असलेली बंदी शिक्षकांना का नको? शेवटच्या प्रश्नावर वर्गाने माझ्याकडे पाहिले. मी माझा फोन पर्समधून काढून टेबलावर ठेवला आणि व्याख्येत 'शाळेतील कोणतीही व्यक्ती' असे शब्द घालू दिले.

त्यानंतर मी त्यांच्याकडून वित्तीय ज्ञापन, म्हणजे विधेयकामुळे येणाऱ्या खर्चाचा अंदाज, लिहून घेतले. जमा झालेले फोन ठेवायचे कुठे, तर कपाटात. कपाट आणायचे कुठून, तर मुले बाजारपेठेतल्या दुकानात जाऊन भाव विचारून आली. दहा वर्गांसाठी दहा कपाटे शाळेला परवडत नाहीत, असा हिशोब त्यांनी स्वतः मांडला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या एकाच कपाटात प्रत्येक वर्गाची एक पेटी ठेवायची, अशी दुरुस्ती आणली.

निवृत्त प्रतिवेदक, मुंबई

विधिमंडळाच्या कामकाजाचे लघुलेखन करण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर शालेय स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो, म्हणून मसुदा लिहिणाऱ्या शिक्षकांसाठी थोडे तांत्रिक लिहितो. विधेयकात असतो तो खंड. विधेयकाचा अधिनियम झाला की त्याच खंडाला कलम म्हणतात. मुले पहिल्या दिवसापासून कलम म्हणतात, तेव्हा त्यांना हा फरक जरूर सांगावा, कारण सभागृहाने मान्य करेपर्यंत तो केवळ प्रस्ताव आहे, ही जाणीव त्या एका शब्दात आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची आहे. शाळांमध्ये मतदान विधेयकाच्या नावापासून सुरू करतात. सभागृहात मात्र आधी खंड २ पासूनचे सर्व खंड, त्यांवरच्या दुरुस्त्यांसह मतास टाकले जातात, आणि खंड १, अधिनियमन सूत्र (कायदा कोणी व कोणत्या वर्षी केला हे सांगणारे सुरुवातीचे वाक्य) व विधेयकाचे नाव शेवटी घेतात. दुरुस्त्यांमुळे विधेयकाचे स्वरूप पालटू शकते, म्हणून नाव शेवटी. बाळ हाती आल्यावरच बारसे करतात, तसेच हे आहे. अधिनियमन सूत्र मुलांकडून जरूर मोठ्याने वाचून घ्यावे. 'भारतीय गणराज्याच्या एकाहत्तराव्या वर्षी' हे शब्द वाचताना ते वर्ष १९५० पासून मोजायचे असते, हे कळल्यावर एका वर्गातली सगळी मुले बोटांवर मोजू लागली होती.

हरकतीचा मुद्दा नियमभंग दाखवण्यासाठी असतो. मत पटले नाही म्हणून तो उपस्थित करता येत नाही. माझ्या परीक्षणात सर्वाधिक गुण अशाच ठिकाणी कापले जातात.

आई, न्यू जर्सी

अमेरिकेत शाळकरी मुलांच्या वादस्पर्धांमध्ये काँग्रेशनल डिबेट, म्हणजे तिथल्या संसदेच्या धर्तीवरचा वाद, हा एक स्वतंत्र प्रकार आहे. १९२५ साली स्थापन झालेली आणि २०१४ पासून नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन या नावाने ओळखली जाणारी संस्था त्याचे नियम ठरवते. विधेयक एका पानात, प्रत्येक ओळीला क्रमांक देऊन लिहावे लागते आणि ठरावीक भागांत व्याख्या, अंमलबजावणी करणारी यंत्रणा व अमलात येण्याची तारीख द्यावी लागते. मांडणाऱ्याला तीन मिनिटे मिळतात, त्यावर दोन मिनिटे प्रश्न विचारले जातात आणि पुढे बाजूने व विरोधात अशी भाषणे आलटून पालटून होतात. कोणाला पक्ष नसतो. अध्यक्षही मुलांमधूनच निवडला जातो.

माझ्या मुलीने दहावीत असताना सर्व डिझेल शालेय बस २०३० पर्यंत बदलून विजेच्या आणाव्यात, असे विधेयक लिहिले. पैशाच्या रकान्यात तिने पर्यावरण संरक्षण संस्थेच्या स्वच्छ शालेय बस कार्यक्रमाचे पाच अब्ज डॉलर दाखवले होते. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने पाच वर्षांसाठी दिलेली ती रक्कम आहे. समोरच्या मुलाने शांतपणे विचारले की विजेची एक बस साधारण साडेतीन लाख डॉलरला पडते आणि देशात साडेचार लाखांहून अधिक शालेय बस आहेत, तर या पैशांत किती बस येतील? तिने तिथेच कागदावर भागाकार केला. पंधरा हजारही येत नव्हत्या. तिने तो आकडा सभागृहाला स्वतः वाचून दाखवला, याचा मला तिच्या कोणत्याही पदकापेक्षा अधिक अभिमान वाटतो. घरी आल्यावर रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने 'सर्व बस' खोडून 'यापुढे खरेदी होणाऱ्या बस' असे लिहिले. पुढच्या स्पर्धेत त्याच विधेयकाच्या विरोधात बोलायला कोणी उभे राहीना, तेव्हा वाद अडू नये म्हणून ती स्वतः विरोधात बोलली, आणि त्या भाषणाइतकी नेमकी टीका त्या विधेयकावर दुसऱ्या कोणी केलेली मी ऐकली नाही.

शिक्षक, गोवा

आमच्या दहावीच्या मुलांनी खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या सखल शेतीच्या, बांधांवर विधेयक लिहिले होते. बांधाची देखभाल कुळांच्या संघांकडे असते आणि मानशीवरच्या (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांवरच्या) मासेमारीचा लिलाव होतो, एवढे त्यांना घरूनच माहीत होते. मासळीसाठी खारे पाणी जास्त आत घेतले की भातशेती नासते, म्हणून मानशीची दारे केव्हा उघडायची हे कोणी ठरवावे, या एकाच खंडावर संपूर्ण बैठक झाली. विधेयक अपुरेच राहिले.

माजी विद्यार्थिनी

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो लिहिताना आजही वाईट वाटते. आमच्या शाळेत सगळ्या भाषणांची लिहिलेली संहिता तयार मिळत असे. मागच्या वर्षीचीच प्रत, फक्त मंत्र्यांची नावे बदललेली. मी विरोधी पक्षनेती होते. विधेयक सरकारी शाळांचे समायोजन करण्याविषयी होते आणि माझ्या धाकट्या भावाची वाडीवरची शाळा कमी पटामुळे बंद होण्याच्या यादीत असल्याचे घरी बोलले जात होते. माझ्या भाषणात त्याविषयी एक अक्षरही नव्हते. मी दोन वाक्ये घालू का, असे विचारले, तेव्हा वेळ बिघडेल असे उत्तर मिळाले. संहितेच्या शेवटच्या पानावर कंसात 'सर्व सदस्य होय म्हणतात' असे छापलेले होते. मीही होय म्हटले. बैठक ठरलेल्या वेळेत संपली आणि आम्हाला बक्षीस मिळाले. त्या 'होय'ची टोचणी मात्र अजून गेलेली नाही. ज्या शिक्षकांच्या हाती हा उपक्रम आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की भाषणे हवी तर बसवून घ्यावीत, पण मत मुलांचे मुलांना देऊ द्यावे.

नागरिकशास्त्राच्या शिक्षिका, सातारा जिल्हा (पुन्हा)

आपले लेखन वाचून राहवले नाही, म्हणून आमच्याकडील मतदानाविषयी लिहिते. आवाजी मतदानात मुले मैत्रिणीच्या तोंडाकडे पाहून होय म्हणतात, हे लक्षात आल्यावर मी चिठ्ठ्या सुरू केल्या. खडूचा रिकामा डबा, त्यात घडी घातलेली चिठ्ठी, आणि मोजणी दोन्ही बाजूंच्या एकेका मुलाने करायची. मोबाईलचे विधेयक त्या दिवशी २३ विरुद्ध २९ मतांनी फेटाळले गेले. मी धरून कोणालाही तसे वाटले नव्हते. ज्या मुलीने ते मांडले होते, ती काही वेळ बाकावर बसून राहिली. मग तिने माझ्याकडे मसुद्याची प्रत मागितली, खंड ४ खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विरोधात मत देणाऱ्यांपैकी कोणी मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर बसेल का, असे वर्गाला विचारले.