मोठा टर्बो घेताय, तर आधी तेलाची पाइप बघा

दादा, डिझेल गाडीला मोठा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) बसवायचा तर सोबत काय बदलावं, असं तुम्ही विचारलंत. पॉवरचं नंतर, आधी तेलाचं बघा. टर्बोचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. माझ्या गाडीला नवा टर्बो बसवताना गॅरेजवाल्याने टर्बोला तेल पोचवणारी जुनीच ऑइल पाइप ठेवली. महिन्याभरात कन्नड घाट चढताना शिट्टीसारखा आवाज आणि मागे निळा धूर. पाइप कापून बघितली, तर कार्बन साचून आत जेमतेम सुई जाईल एवढं भोक उरलेलं! म्हणून ती पाइप, बँजो बोल्ट (पाइप जोडणारा आतून पोकळ बोल्ट), गॅस्केट नवेच घ्या. टर्बोतलं तेल इंजिनात परत नेणाऱ्या रिटर्न पाइपला सरळ उतार हवा, कुठे मुरड नको.

दुसरं इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात बाहेरचीच हवा ४५ अंशांना टेकते, आणि इंटरकूलर हवा त्याखाली नेऊ शकत नाही. तिथे काटकसर करू नका. क्लच जुना असेल तर वाढीव टॉर्कला (इंजिनाच्या ओढीला) घसरेलच. इंजेक्टर (डिझेल फवारणारे नोझल) मात्र ट्यूनिंगवाल्याला विचारूनच घ्या.

आणि पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी टर्बोत हाताने तेल ओता, हे विसरू नका.